स्टिकर नसलेली जुनी इम्पोर्टेड माउंटन बाइक: किंमत कशी काढायची, विकायची कुठं?

घाटवाट (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. काकांनी अमेरिकेतून परत येताना आणलेली एक माउंटन बाइक जालन्याच्या घरी उभी आहे, ती विकायची आहे. मधल्या काळात कुणीतरी तिला ब्रशनं काळा ऑइल पेंट फासलाय, त्यामुळं कंपनी, मॉडेल काहीच दिसत नाही. २६ इंची चाकं, पुढं ३ आणि मागं ७ गेअर, शॉकअप नाही, साधा सरळ चिमटा. ब्रेक व्ही-ब्रेक नाहीत, दोन दांड्यांना वरून आडवी तार आहे तसले. गेअरवर 'शिमानो डीओर एलएक्स' लिहिलंय. एक गोष्ट वेगळी दिसते: सीटखालून मागच्या चाकाकडं जाणाऱ्या दोन बारीक नळ्या सीटच्या नळीवर संपत नाहीत, तिला ओलांडून पुढं आडव्या नळीला जोडल्यात.

भंगारवाला किलोच्या भावानं मागतोय. एका दुकानदारानं २,५०० सांगितले. ओएलएक्सवर दोन फोटो टाकले तर एक जण न बघताच ९,००० द्यायला तयार झाला, म्हणून हात आखडला.

तीन अडचणी आहेत. उजव्या हाताचं गेअरचं बटण नुसतंच आत जातं, खटका पडत नाही. सीट पिलर जाम आहे. टायरला भेगा पडल्यात. विकण्याआधी रंग देऊन चकाचक करावी की आहे तशी द्यावी? आणि मुळात भाव काय धरायचा?

क्रोमोली (जालना)

भाऊ, ती न बघता ९,००० बोलणारी व्यक्ती आंधळेपणानं बोललेली नाही. सीटच्या नळीला ओलांडून आडव्या नळीला जोडलेल्या त्या दोन नळ्या फोटोत दिसल्या असतील, तर त्यानं सायकल ओळखली. त्या रचनेला जीटी कंपनी 'ट्रिपल ट्रँगल' म्हणायची, तिची ती खूण आहे. कॅलिफोर्नियातली कंपनी, १९७९ साली सुरू झालेली. १९९०च्या दशकात तिच्या माउंटन बाइक शर्यतींत गाजल्या. १९९८ मध्ये ती श्विन या अमेरिकी सायकल कंपनीनं घेतली आणि २००१ मध्ये श्विनचंच दिवाळं निघालं. त्यानंतर जीटीच्या नावानं हलक्या दर्जाच्या सायकलीही निघाल्या, म्हणून साल ठरवणं हे पहिलं काम. रंगाचा डबा आणि दुरुस्ती दोन्ही त्यानंतर.

साल काढायला पार्ट पुरतात. त्या काळातल्या शिमानोच्या पार्टवर इंग्रजीतली दोन अक्षरं ठोकलेली असतात: क्रँकच्या (पायडल लागतं त्या दांडीच्या) आतल्या बाजूला आणि मागच्या गेअरच्या आतल्या पत्र्यावर. चिखल खरवडून, कापडानं पुसून टॉर्च मारा. पहिलं अक्षर साल, दुसरं महिना. ए म्हणजे १९७६, तिथून पुढं मोजत या: एम १९८८, एन १९८९, ओ १९९०, पी १९९१, क्यू १९९२, आर १९९३. महिना ए जानेवारी ते एल डिसेंबर. २००२ पासून अक्षरं पुन्हा ए पासून सुरू झाली, पण ७ गेअरच्या एलएक्सच्या बाबतीत गोंधळ व्हायचं कारण नाही. क्रँक, मागचा गेअर आणि ब्रेक यांचे कोड दोन-चार महिन्यांच्या आत असतील तर पार्ट मूळचे आहेत आणि ती गोष्ट जाहिरातीत लिहिण्यासारखी आहे. पार्ट ऑक्टोबर-नोव्हेंबरचे असले की सायकल बहुतेक पुढच्या सालच्या मॉडेलची असते, कारण नवी मॉडेलं आदल्या वर्षाच्या शेवटी बांधायला घेतात.

आता मॉडेल. त्या वेळी जीटीच्या स्टीलच्या सायकलींत खालून वर साधारण असा क्रम होता: आउटपोस्ट, टिंबरलाइन, टेक्वेस्टा, काराकोरम, अव्हलाँश. झास्कर अॅल्युमिनियमची, या सगळ्यांच्या वरची. आधी फ्रेमला लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर स्टील, झास्कर बाद.

काळ्या रंगाखालचं नाव वाचायची एक चांगली युक्ती आहे. रात्री दिवे बंद करा आणि टॉर्च नळीला जवळजवळ चिकटवून, लांबीच्या दिशेनं तिरपी धरा. स्टिकर काढून न टाकता वरून ब्रश मारलेला असेल तर अक्षरांच्या कडा उंचवट्यासारख्या दिसतात. पुढून खाली येणाऱ्या जाड नळीवर कंपनीचं नाव, आडव्या नळीवर मॉडेलचं. समोरून प्रकाश टाकला तर काहीच दिसणार नाही, कोनच महत्त्वाचा.

मूळ रंग कुठं टिकून असतो ते सांगतो: सीटच्या क्लॅम्पखाली, आणि पायडलच्या एक्सलची नळी असते तिच्या बुडाला केबलची प्लॅस्टिक पट्टी असते, त्या पट्टीखाली. तिथला रंग बघून त्या सालच्या कॅटलॉगशी ताडून बघा, जुन्या कॅटलॉगांचे स्कॅन इंटरनेटवर मिळतात.

सीट पिलर निघाला की त्याच्यावरचा आकडा आणि सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास कळवा. व्हर्निअर नसेल तर जवळच्या लेथवाल्याकडं असतो. बाहेरचा व्यास बहुतेक २८.६ मिमी निघेल. त्यातून पिलरचा आकडा वजा करून निम्मे केले की नळीची जाडी येते. पिलर २५.४ असेल तर जाडी १.६ मिमी, म्हणजे साधं जड स्टील. २६.४ ला १.१. २७.२ ला ०.७, म्हणजे चांगलं पातळ क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनमचं मजबूत स्टील). पूर्ण सायकलचं वजनही करा, मोंढ्यात कुणाच्याही काट्यावर होईल. साडेतेरा किलोच्या आत असेल तर माल चांगला. १६ किलोच्या पुढं गेली तर किंमत खाली आणा.

रंग मात्र देऊ नका. पावडर कोटिंग तर नाहीच. संग्रह करणाऱ्याला मूळ रंगाचे ओरखडे चालतात, नव्या रंगाखाली काय लपलंय ही शंका त्याला चालत नाही.

आऊटकाढू (लातूर)

वरचं सगळं बरोबर. मी दुरुस्तीचं सांगतो, कारण त्या बटणापायी गिऱ्हाईक हजार-दोन हजार कापणार आणि ते काम तर फुकटात होतंय.

खटका न पडणं म्हणजे शिफ्टर (हँडलवरचा गेअर बदलायचा भाग) मेला असं नाही. आत दातेरी चक्र आणि त्यात अडकणारा छोटा खटका असतो. कंपनीनं भरलेलं ग्रीस इतक्या वर्षांनी, त्यात आपल्या उन्हाळ्यात, घट्ट होऊन लाखेसारखं बसतं. खटक्याची स्प्रिंग बारीक, ती त्याला चक्रात ढकलू शकत नाही, म्हणून बटण रिकामं जातं. शिफ्टर उघडू नका, आतल्या स्प्रिंगा उडाल्या की परत बसवणं अवघड आहे. केबल काढा, नळीवाला डब्ल्यूडी-४० केबलच्या भोकातून आणि बटणाच्या फटीतून भरपूर मारा. खाली कापड धरा, तपकिरी चिकट पाणी गळेल. अर्धा तास थांबा, बटणं पन्नास-साठ वेळा दाबा, परत मारा. गळणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करायचं. खटका परत आला की शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडा. हे विसरू नका, कारण डब्ल्यूडी-४० उडून जातं आणि आतले भाग कोरडे पडतात. ग्रीस घालू नका, नाहीतर परत तेच होणार.

नंतर केबल टाकताना आपल्याकडची साधी ब्रेकची आऊटर (केबलवरची बाहेरची नळी) गेअरला वापरू नका. ती गुंडाळलेल्या पट्टीची असते, ताणली की दबते आणि गेअर निम्म्यातच अडकतो. गेअरसाठी उभ्या तारांची ४ मिमी आऊटर मागा, दुकानात 'एसआयएस आऊटर' म्हणलं की देतात. कापल्यावर तोंड कानशीनं सपाट करा.

सीट पिलर. अॅल्युमिनियमचा पिलर स्टीलच्या नळीत ओल धरून राहिला की मधे पांढरी भुकटी तयार होते आणि ती पाचरीसारखी बसते. गरम करणं इथं उलटं पडतं: अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे पिलर आणखी आवळतो. थंड करायचं असतं. क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण काढा, फटीत रस्टचं तेल सोडा. शक्य असल्यास बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा एक्सल बसतो तो भाग) उघडून, सायकल उलटी करून खालूनही सोडा. दोन-तीन दिवस रोज एकदा सोडत राहा. मग वरून पिलर पोकळ असेल तर त्यात बर्फाचा चुरा भरा, दहा मिनिटांनी सीट दोन्ही हातांनी धरून डावीकडं-उजवीकडं फिरवा. एकदा जरा फिरला की निघालाच. वर ओढू नका, फिरवतच काढा. हातोडा मारू नका आणि पाइप पान्यानं फ्रेम धरू नका, नळी चेपली की गेलं.

आता गिऱ्हाइकाच्या आधी तुम्हीच तपासायच्या जागा. पुढची जाड नळी हँडलच्या नळीला मिळते, तिच्या बुडाशी दोन-चार सेंटीमीटर मागं बोटाचं टोक फिरवा. समोरून धडक बसलेली असेल तर तिथं बारीक उंचवटा किंवा सुरकुती लागते. ब्रशच्या रंगाखाली डोळ्याला दिसणार नाही, बोटाला लागते. चिमटा बाजूनं बघा, हँडलच्या नळीच्या रेषेतून तो मागं वळलेला नसावा. मग दोरा: मागच्या चाकाचा एक्सल बसतो त्या फ्रेमच्या एका खाचेतून दोरा घ्या, हँडलच्या नळीवरून फिरवून दुसऱ्या खाचेला बांधा, ताणून धरा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. २-३ मिमी फरक चालतो. ६-७ मिमी निघाला तर फ्रेम वाकडी आहे आणि तसं सांगूनच विकावी लागेल.

चेनचा निकाल टेपच्या इंचाच्या बाजूनं लावा. एका पिनेच्या मध्यापासून २४ कड्या मोजा, नव्या चेनला बरोबर १२ इंच भरतात. १२ आणि १/१६ झाली तर चेन बदला. १२ आणि १/८ च्या पुढं गेली असेल तर मागचे दातेही खाल्लेत, नुसती नवी चेन त्यावर उडी मारणार. तेव्हा जुनीच ठेवा आणि खरेदीदाराला सांगा.

पुढच्या दातेरी चकत्या गोल नसून लांबट वाटल्या तर घाबरू नका, वाकलेल्या नाहीत. शिमानोनं त्या काळात बायोपेस नावानं तशाच बनवल्या होत्या. गावातल्या मिस्त्रीनं 'आऊट आहे' म्हणून ठोकून गोल करू नये एवढं बघा.

आणि ब्रेक रबर. तुमच्या आडव्या तारेच्या ब्रेकला कँटिलिव्हर म्हणतात, त्यात रबराची दांडी गुळगुळीत असते, आट्यांची नाही. दुकानदार व्ही-ब्रेकचे रबर हातात देतो, ते आट्यांचे असतात, बसत नाहीत. जुने रबर नुसते कडक झालेले असतील तर वरचा चकाकता थर पॉलिश पेपरनं घासा, बऱ्याचदा तेवढ्यानं ब्रेक लागतो.

घाटवाट (छत्रपती संभाजीनगर)

दोघांचेही मनापासून आभार. सांगितलं तसं केलं.

क्रँकवर इंग्रजी 'पीके', मागच्या गेअरवर 'पीजे'. चुंबक चिकटलं. पिलर बर्फानं सुटला, त्यावर २६.८ आहे, नळी बाहेरून २८.६. वजन १३ किलो २०० ग्रॅम. दोऱ्यात फरक २ मिमी. खालच्या नळीच्या बुडाशी काही लागलं नाही. क्लॅम्पखाली मूळ रंग निळसर हिरवा. टॉर्चनं खालच्या नळीवर जीटी स्पष्ट दिसतं. आडव्या नळीवर लांब शब्द आहे, पहिलं अक्षर इंग्रजी 'के', पुढची पुसट. खटका परत आला! चेन १२ आणि १/१६ ला जरा कमी. बीबीच्या मधल्या नळीपासून सीटच्या नळीच्या टोकापर्यंत १८ इंच.

आता भाव सांगा. काळा रंग काढून मूळ रंग बाहेर आणावा का?

क्रोमोली (जालना)

पीके म्हणजे नोव्हेंबर १९९१, पीजे ऑक्टोबर. दोन्ही एकाच वेळचे, म्हणजे पार्ट मूळचे आणि सायकल १९९२च्या मॉडेलची. नळी ०.९ मिमी आणि वजन १३.२, दोन्ही एकमेकांना धरून आहेत: मधल्या-वरच्या दर्जाचं क्रोमोली. 'के' नं सुरू होणारं लांब नाव त्या यादीत काराकोरमच. तरी जाहिरातीत नुसतं नाव ठोकून देऊ नका. तिरप्या टॉर्चचा फोटो, क्रँकच्या कोडचा फोटो आणि क्लॅम्पखालच्या रंगाचा फोटो द्या, त्याखाली 'जीटी काराकोरम, १९९२' लिहा. ज्याला कळतं तो स्वतःच ताडून बघेल. पुरावा दिलेल्या सायकलवर घासाघीस कमी होते.

काळा रंग काढायचा मोह होईल. पूर्ण काढू नका, एका ठिकाणी करून बघा. ऑइल पेंट हवेवर वाळलेला असतो आणि कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला, म्हणून वरचा आधी सुटतो. कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाइन घेऊन मागच्या चाकाजवळच्या नळीच्या आतल्या बाजूला, नखाएवढ्या जागेवर चोळा. काळा सुटून खाली हिरवा चकाकत राहिला तर हळूहळू पुढं जाता येईल. एनसी थिनर किंवा पेंट रिमूव्हर वापरलं तर मूळ रंग आणि स्टिकर दोन्ही जातील. वेळ नसेल तर त्या एका जागेचा फोटो काढून थांबा आणि खरेदीदाराला सांगा, 'खाली मूळ रंग आहे'. हे काम त्याला स्वतः करायला आवडतं.

भावाबद्दल माझा हिशोब असा. ज्याला फक्त चालवायची सायकल हवी, तो १५-२० हजारांत मिळणाऱ्या नव्या डिस्क ब्रेकवाल्या अॅलॉय सायकलशी तुलना करणार. त्याच्या लेखी ही जुनी आहे, त्याची उडी ७-८ हजारांवर थांबते. ज्याला हीच हवी, तो परदेशातून मागवायचा खर्च धरतो: तिथली किंमत, त्यावर अख्ख्या सायकलचं विमानाचं भाडं, त्यावर कस्टम ड्यूटी. भाडंच बहुतेक वेळा सायकलच्या किमतीला गाठतं. त्यामुळं भारतात आधीच असलेली, चालू स्थितीतली सायकल त्याला १४ ते १८ हजारांना परवडते. रंग फासलेला नसता तर मी २० च्या पुढंही मागायला सांगितलं असतं.

जाहिरातीत १७,५०० लिहा, १४ च्या खाली येऊ नका. १८ इंच फ्रेम ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे, साडेपाच ते पावणेसहा फुटांच्या माणसाला बसते. २१ इंची असती तर गिऱ्हाईक अर्धं झालं असतं.

परदेशी साइटवर किमती बघताना एक सांगतो. लोक मागतात ती किंमत बघू नका, 'विकल्या गेलेल्या वस्तू' असा फिल्टर लावून प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या सायकलींची बघा. मागणं आणि मिळणं यात मोठा फरक असतो.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

माझं मत वेगळं आहे. पार्ट सुटे करून विका. एलएक्सचा मागचा गेअर, शिफ्टरची जोडी, क्रँक, ब्रेकचा सेट, हब, हे सगळं जुन्या सायकली नीट करणारे लोक शोधत असतात. सुट्याची बेरीज अख्ख्या सायकलपेक्षा जास्त होते, आणि सुटे पार्ट साध्या कुरिअरनं जातात.

आऊटकाढू (लातूर)

बेरीज कागदावर होते, दादा. गेअर आणि शिफ्टर आठवड्यात जातील. क्रँक जाईल. मग रंग फासलेली फ्रेम, जुनी रिमं, हँडल आणि सीट घरात पडून राहणार, आणि फ्रेमसाठी लोक हजार-दीड हजारानं मागायलेत असं होणार. आत्ता त्याच फ्रेमला १४-१८ हजारांचं वजन कशामुळं आहे? तिच्यावर तिचेच, एकाच महिन्याच्या आसपासचे पार्ट आहेत म्हणून.

दुसरं, सुटं करायला हत्यार लागतं. चौकोनी एक्सलची क्रँक पुलरशिवाय निघत नाही. पुलर नसला की लोक हातोडीनं काढतात, क्रँकच्या आतल्या आट्या आणि भोक दोन्ही खराब होतं. बीबीचा उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, सुटायला घड्याळाच्या दिशेनं फिरवावा लागतो. हे माहीत नसलं की माणूस जोर लावून तो आणखी आवळतो.

फ्रेमला तडा असता तर तुमचंच म्हणणं खरं होतं. तडा गेलेली फ्रेम चालवायला देऊ नये, तिथं पार्टच विकायचे. इथं दोरा सरळ आहे, तडा नाही. अख्खीच विका.

विकण्याआधी एवढाच खर्च करा: २६ × १.९५ किंवा २.१ चे दोन साधे टायर, ट्यूब, चारही केबल, हबमध्ये नवं ग्रीस. हजार-दीड हजारात सगळं बसतं. हब उघडले तर छर्रे बदला, पुढं एका बाजूला ३/१६ इंचाचे १०, मागं १/४ इंचाचे ९. कोन (छर्रे दाबून धरणारी एक्सलवरची नट) इतकाच आवळा की क्विक रिलीज लावल्यावर चाक बाजूला हलणार नाही आणि हातानं सोडलं की व्हॉल्व्हच्या वजनानं आपसूक झुलत थांबेल. चाकांचा आऊट (रिमचा वाकडेपणा) काढून घ्या. जुने टायर फेकू नका, भेगा पडलेले असले तरी सायकलसोबत द्या, बाजूला कंपनीचं नाव असलेले मूळ टायर संग्राहकाला हवे असतात. जुनं सीट, जुने ग्रिप, रिफ्लेक्टर, काहीही काढलं तरी पिशवीत ठेवा.

नांदेड_पुणे (नांदेड)

विकायची प्रक्रिया मी लिहितो.

फोटो सकाळी किंवा संध्याकाळी सावलीत, साध्या भिंतीसमोर काढा. चेनची बाजू कॅमेऱ्याकडं, क्रँक पुढच्या बाजूला आडवी, चेन पुढच्या मोठ्या चकतीवर, दोन्ही व्हॉल्व्ह खाली. अख्खी सायकल दोन्ही बाजूंनी, मग जवळचे फोटो: पुढचे दाते, मागचे दाते, चिमट्याची टोकं, रिमची ब्रेक घासते ती कड, आणि असलेला प्रत्येक पोचा. पोचा लपवला तर माणूस पुण्याहून येऊन तो बघतो आणि मग सगळ्याच गोष्टींवर संशय घेतो. फ्रेम नंबरचा फोटो टाकताना शेवटचे तीन आकडे झाका.

गिऱ्हाईक संभाजीनगरात शोधायला हरकत नाही. दौलताबाद-खुलताबाद-म्हैसमाळ रस्त्यावर जाणारे ग्रुप आहेत, पण त्यातले बहुतेक जण रोड बाइकवाले आहेत. जुन्या स्टीलच्या माउंटन बाइकचे शौकीन पुणे, मुंबई, बंगळुरूला जास्त. त्यांच्या फेसबुक आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, ओएलएक्सवर तीच जाहिरात ठेवा. पहिल्या आठवड्यात येणारे 'लास्ट प्राइस?' एवढंच विचारतात, त्यांना आकडा सांगायची गरज नाही. जो क्रँकच्या कोडबद्दल किंवा पिलरच्या मापाबद्दल विचारतो, तो घेणारा.

पैशाच्या बाबतीत सावध. 'मी लष्करात आहे, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील' अशी फसवणूक ओएलएक्सवर फार चालते. पैसे यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका, बँकेच्या अॅपमध्ये जमा दिसल्यावरच सायकल हलवा. चालवून बघायला मागितली तर त्या माणसाचा फोन किंवा त्याची गाडीची चावी हातात घ्या.

सायकलला आरसी नसते, म्हणून कागद तुम्हीच करा. साध्या कागदावर: विकणारा, घेणारा, तारीख, रक्कम, सायकलचं वर्णन, पूर्ण फ्रेम नंबर, 'आहे त्या स्थितीत पाहून घेतली' हे वाक्य, दोघांच्या सह्या. ओळखपत्राची झेरॉक्स देताना तिच्यावर 'फक्त सायकल विक्रीसाठी' असं आडवं लिहा. विक्रीच्या कागदाची एक प्रत काकांच्या नावानं असलेल्या जुन्या बिलासोबत, बिल असेल तर, खरेदीदाराला द्या. मूळ बिल सापडलं तर भावात चांगला फरक पडतो.

घाटवाट (छत्रपती संभाजीनगर)

बिल शोधायला सांगितलंय. पुण्याच्या एकानं पीके कोडचा फोटो बघून लगेच १५,५०० सांगितले, सायकल पाठवायला सांगतोय. कशी पाठवू?

नांदेड_पुणे (नांदेड)

कुरिअरचा भाव विचारण्याआधी हे गणित बघा. सायकलचा खोका साधारण १३५ × २० × ७५ सेंटीमीटर. कुरिअरवाले लांबी × रुंदी × उंची भागिले ५,००० करतात, म्हणजे ४०.५ किलो. प्रत्यक्ष वजन पॅकिंगसह १६ असलं तरी बिल ४०.५ चं. पुण्यासाठी खासगी ट्रॅव्हल्सची डिकी सगळ्यात स्वस्त आणि सोपी, सायकल उभी राहते आणि पहाटे त्याला उतरवून घेता येते. त्याला बसचा नंबर आणि क्लीनरचा फोन द्या. मुंबईचं गिऱ्हाईक असतं तर जालन्याच्या किंवा संभाजीनगरच्या रेल्वे पार्सल ऑफिसात बुक केली असती.

डिकीत टाकताना पुढचं चाक काढा आणि चिमट्याच्या दोन टोकांच्या मधे लाकडाचा ठोकळा बसवून बांधा, नाहीतर वरून सामान पडलं की टोकं आत दबतात. पायडल काढा. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या दिशेनं सुटतं. हँडल सैल करून फ्रेमला समांतर फिरवा. मागचा गेअर हा सगळ्यात आधी मोडणारा भाग, त्याचा एक बोल्ट सोडून तो फ्रेमपासून सुटा करा, चेनसकट जुन्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून नळीच्या आत बांधा. सगळ्या नळ्यांना पाइपचा काळा फोम किंवा गोणपाट, चाक फ्रेमच्या डाव्या बाजूला, मधे पुठ्ठा. छोटे पार्ट, जुने टायर, ग्रिप वेगळ्या पिशवीत, पिशवी फ्रेमला बांधलेली.

पूर्ण पैसे आधी घ्या. तो दूरचा आहे म्हणून अर्धे-अर्धे मागेल. त्याऐवजी त्याला व्हिडिओ कॉल करा, कॉलवरच सातही गेअर टाकून दाखवा, दोन्ही चाकं फिरवून रिम आणि ब्रेक रबरामधलं अंतर दाखवा, फ्रेम नंबर वाचून दाखवा. तेवढं बघितल्यावर खरा घेणारा पैसे टाकतो. पॅक करतानाचेही फोटो काढून पाठवा, म्हणजे वाटेत काही वाकलं तर ते कुठं वाकलं यावर वाद होणार नाही.

क्रोमोली (जालना)

एकच भर. पिलर परत बसवताना नळीत आणि पिलरवर ग्रीसचा पातळ थर लावा, आणि पिलरवर किमान मर्यादेची खूण असते, ती नळीच्या आत जाईल एवढा आत घाला. १५,५०० चांगला भाव आहे, द्या.